माग गेले, गाव राहिले : कॅनडातील आल्मॉन्टची कहाणी

कापडाच्या धंद्यातल्या माणसाने कुठल्याही गावाचे नाव ऐकले की तिथे माग किती आणि माल कुठे जातो, हा सवाल त्याला पहिला सुचतो. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात आल्मॉन्ट नावाचे एक छोटे गाव आहे. राजधानी ऑटावापासून ते सुमारे ५० किलोमीटरवर मिसिसिपी नदीकाठी वसले आहे. ही अमेरिकेतील प्रसिद्ध मिसिसिपी नव्हे, ऑटावा नदीला मिळणारी ही लहान नदी आहे. एके काळी हे गाव लोकरीच्या कापडासाठी मशहूर होते. त्या गिरण्या आता बंद आहेत, तरी गाव उजाड झालेले नाही. हे कसे घडले, ते आपल्या विणकर व व्यापारी बांधवांनी जाणून घ्यावे.

विणकरांची हिजरत

१८१५ मध्ये नेपोलियनशी चाललेली युद्धे संपली आणि ब्रिटनमध्ये मंदी आली. स्कॉटलंडमधील ग्लासगो व लॅनार्कशायर भागातील हातमाग विणकरांची मजुरी घसरत गेली. दुसरीकडे यंत्रमाग पुढे येत होता. पोट भरेना, तेव्हा विणकरांनी मंडळ्या काढून सरकारकडे परदेशी जाण्यासाठी मदत मागितली. १८२० व १८२१ मध्ये हजारो माणसे कॅनडात उतरली. दर कुटुंबाला १०० एकर जमीन आणि काही रक्कम कर्जाऊ मिळाली. जमीन बऱ्याच ठिकाणी खडकाळ होती आणि हातांना सवय होती धोट्याची, कुऱ्हाडीची नव्हे. तरीही हे लोक टिकले.

नदीच्या धबधब्यावर आधी लाकूड कापण्याची व पीठ दळण्याची गिरणी निघाली. गावाची नावे बदलत गेली. अखेर १८५० च्या दशकात मेक्सिकोचे जनरल हुआन आल्मॉन्टे यांचे नाव गावाला मिळाले.

रोझामंड घराण्याची गिरणी

जेम्स रोझामंड यांनी जवळच्या कार्लटन प्लेस गावात लोकरीची गिरणी चालवली होती. नंतर ते आल्मॉन्टला आले. १८५९ मध्ये रेल्वेही आली. पाण्याचा जोर फुकटचा, माल न्यायला गाडी दारात आणि विणकामाची समज असलेली माणसे हाताशी. धंद्याला आणखी काय हवे? १८६६-६७ मध्ये रोझामंड वूलन कंपनीची मोठी दगडी गिरणी उभी राहिली. पुढे कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे अध्यक्ष झालेले जॉर्ज स्टीफन हे तिच्या भागीदारांपैकी एक होते. आसपास इतर गिरण्याही निघाल्या. ट्वीडसारखे लोकरी कापड इथून बाहेर जाऊ लागले आणि शेकडो घरांची चूल या गिरण्यांवर पेटू लागली.

सवलतीची छत्री

१८७९ मध्ये कॅनडा सरकारने परदेशी मालावर जादा आयात-कर बसवला. गिरण्यांना त्याचा आधार मिळाला. पण १८९७ मध्ये धोरण बदलले आणि ब्रिटिश मालाला करात सूट मिळाली. १९०० मध्ये ती सूट एक तृतीयांशावर गेली. इंग्लंडचे लोकरी कापड कॅनडाच्या दुकानांत स्वस्त पडू लागले आणि देशी लोकर-गिरण्यांना त्याची झळ बसली. जेम्स रोझामंड यांचे पुत्र बेनेट रोझामंड तेव्हा संसदेत होते. गिरणीमालक स्वतः संसदेत बसूनही वारा फिरायचा थांबला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम धागा आणि परदेशचा स्वस्त माल यांनी उरलेला दम काढला. १९८० च्या दशकात रोझामंड गिरणीचा लोकरीचा धंदा आटोपला.

इमारत वाया गेली नाही

खरी समजदारी यापुढे दिसते. गावाने गिरण्यांचे दगड विकून खाल्ले नाहीत. रोझामंडची मोठी गिरणी राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली व तिच्यात राहती घरे झाली. तिच्याच जोड-इमारतीत वस्त्रोद्योगाचे संग्रहालय आहे. तिथे जुनी यंत्रे पाहायला मिळतात. ज्या पाण्यावर माग फिरले, त्याच धबधब्यावर आज वीज तयार होते. मुख्य रस्त्यावर दुकाने व खानावळी आहेत. बास्केटबॉलचा खेळ शोधणारे जेम्स नाइस्मिथ १८६१ मध्ये इथलेच जन्मले. त्यांचा पुतळाही लोकांना गावात ओढतो. बरेच रहिवासी ऑटावाकडे नोकरीला जातात. १९९८ मध्ये शेजारची गावे जोडून मिसिसिपी मिल्स ही नगरपालिका झाली. तिची वस्ती २०२१ मध्ये १४ हजारांच्या पुढे होती. गिरण्या गेल्या, पण नावात ‘मिल्स’ राहिले.

या बदलात सगळ्यांचे भले झाले असे मात्र समजू नये. गिरणीत हात झिजवलेल्या कारागिराला संग्रहालयाच्या तिकिटातून पगार मिळत नाही. गाव सावरले, पण त्याचा हुनर बाजारातून उठला.

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांसाठी यात एक साधी गोष्ट आहे. सरकारी सवलत ही उसनी छत्री आहे, मालक केव्हाही परत मागेल. ती डोक्यावर आहे तोवर मालाचा दर्जा, नवे गिऱ्हाईक आणि मुलांच्या हातात दुसरा एखादा हुनर, एवढी तयारी करून ठेवावी. यंत्रमागामुळे घर सोडलेल्यांच्या वस्तीतही पुढे यंत्रमाग बंद पडले, हे ध्यानात असू द्यावे.