उपनगरांतील डोंगर व पर्जन्यभेद

२६ जुलै २००५ रोजी सकाळी सुरू झालेल्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. तेथून सुमारे २५ किलोमीटर दक्षिणेस असलेल्या कुलाब्यात मात्र ती ७५ मिलिमीटरांच्या आतच राहिली. एकाच शहरातील या तफावतीचे कारण म्हणून बोरिवली-मुलुंडदरम्यानच्या डोंगरांकडे बोट दाखविले जाते. हे उत्तर कितपत पुरेसे आहे, ते तपासून पाहणे इष्ट होय.

डोंगराने अडविलेली दमट हवा वर चढते, कमी दाबामुळे प्रसरण पावते आणि थंड होते. संपृक्त होईपर्यंत हे प्रमाण दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअस असते. पुढे बाष्पाच्या सांद्रीभवनातून उष्णता मुक्त होत असल्याने ते मंदावते. पलीकडे उतरणारी हवा उलट तापते व तिची सापेक्ष आर्द्रता घटते. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक, तर पूर्वेकडील वाईस एक हजाराहूनही कमी पाऊस पडतो, तो यामुळेच. कोकण, घाटमाथा, मावळ आणि देश हा लोकभाषेतील भेदही बव्हंशी याच पर्जन्यमानास अनुसरून आहे.

उपनगरांतील डोंगर मात्र पाचशे मीटरांहूनही ठेंगणे व सुटे आहेत. पावसाळी ढग त्यांना सहज ओलांडतात; म्हणून त्यांच्या पूर्वेस असूनही मुलुंड पर्जन्यछायेत पडत नाही. २००५ ची अतिवृष्टीही मुख्यतः मर्यादित क्षेत्रावर साचलेल्या उत्तुंग गर्जन्मेघांची होती. डोंगरांचा निर्विवाद वाटा जमिनीवर दिसला. उतारांवरून विहार व पवई तलावांत आलेले पाणी ओसंडून मिठी नदीत उतरले आणि भरतीमुळे त्याचा निचरा खुंटला.

तापमानाच्या बाबतीतही केवळ उंचीवर भिस्त ठेवता येत नाही. कुलाबा व सांताक्रूझ ही दोन्ही ठिकाणे समुद्रसपाटीच्या जवळपास आहेत. तरीही जानेवारीतील पहाट सांताक्रूझला अधिक थंड असते. कुलाब्यास तिन्ही बाजूंनी वेढणारा समुद्र रात्रीही ऊब राखतो, तर आतील भूमी लवकर निवते.

सारांश, उंची, वाऱ्याची दिशा, समुद्राचे सान्निध्य आणि मेघांचे स्वरूप यांचा विचार एकत्रच करावा लागतो. कुलाब्याच्या नोंदीवरून अंधेरी किंवा घाटकोपरच्या पावसाचे अनुमान बांधणे किती धोक्याचे ठरू शकते, हे त्या एका दिवसाने दाखवून दिले.