रक्तदाब आणि सूक्ष्म रक्ताभिसरण

अत्यवस्थ रुग्णाच्या दंडाला प्रथम रक्तदाबमापकाचा पट्टा गुंडाळला जातो आणि आकडा समाधानकारक दिसला की आप्तांना धीर दिला जातो. वस्तुतः तो दाब मोठ्या रोहिणीतील असतो. पेशींना प्राणवायू मिळतो तो पाच ते दहा मायक्रॉन व्यासाच्या केशवाहिन्यांतून. या दोहोंमध्ये रोहिणिकांचे दरवाजे आहेत. ते आवळले असता मागील दाब चढतो व पुढील प्रवाह आटतो. दाब उत्तम आणि ऊतके उपाशी, ही स्थिती म्हणूनच विसंगत नव्हे.

याचे बोलके उदाहरण कोकणातील आहे. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते. कॅटेकोलामाइन द्रव्ये रक्तात उसळतात व रोहिणिका आवळतात. रुग्ण घामाने भिजतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब मात्र प्रारंभी बहुधा चढलेलाच असतो. पुढे हृदय थकते व फुफ्फुसांत पाणी साचते. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे आवळणे सोडविणारे प्राझोसीन वापरले व १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याची माहिती दिली. हातपाय उबदार व कोरडे होईपर्यंत मात्रा द्यावयाची, हा त्या उपचाराचा दंडक. माझ्या मते त्याचे मर्म येथेच आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या महाडच्याच चाचणीत प्राझोसीनला प्रतिविषाची जोड दिली असता ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत बरे झाले. केवळ प्राझोसीनने ३५ पैकी ८.

जंतुदोषजन्य आघातात प्रकार निराळा. तेथे वाहिन्या सैलावतात, पण वाहत्या केशवाहिनीशेजारची दुसरी बंद असते. भवानी पेठेतील वाचकास मागाचा दाखला परका नाही: ताण्याचा एकूण ताण योग्य असूनही मधले धागे तुटलेले असले तर कापडात फट राहतेच. सरासरी आकड्यात ती दिसत नाही.

ती पाहावी कशी? जिभेखालील वाहिन्या सूक्ष्मदर्शकाने पाहता येतात, परंतु ते उपकरण किती रुग्णालयांत असणार! दक्षिण अमेरिकेतील ४२४ रुग्णांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काचपट्टीने बोटाचे अग्र दहा सेकंद दाबून रंग परतण्याचा काळ मोजला. तीन सेकंदांहून अधिक तो सदोष. या खुणेवर उपचार चालविलेल्या गटात २८ दिवसांतील मृत्यू ३४.९ टक्के, तर रक्तातील लॅक्टेटवर चालविलेल्या गटात ४३.४ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या रूढ कसोटीस किंचित उतरला नाही, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. शिवाय थंड खोलीत निरोगी माणसाचेही बोट उशिरा भरते. सोलापुरात मे महिन्यात ही अडचण वातानुकूलित दालनातच यावयाची.