रस्त्यावरचे दिवे आणि रस्त्यावरची रीत

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जेथे संपतो ते किवळे गाव देहूरोडनजीक आहे. २००२ साली पूर्णत्वास गेलेल्या या सुमारे ९५ किलोमीटरच्या मार्गावर पादचारी, दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टर यांना मज्जाव आहे. तेथून बाहेर पडलेली मोटार मात्र काही मिनिटांतच अशा रस्त्यांवर येऊन पोहोचते की, जेथे या साऱ्यांचीच वर्दळ असते. पाळी संपवून तळवडे-चाकणकडून परतणारा कामगार, कासारसाई-दारुंब्रे येथील संत तुकाराम साखर कारखान्याकडे ऊस वाहणारी ट्रॅक्टरची ट्रॉली, कंपनीच्या फाटकात शिरण्यासाठी रस्त्यावर आडवा होऊन मागे सरकणारा कंटेनर आणि देहू-आळंदीच्या वाटेवरील वारकरी असे सर्वजण एकाच डांबरी पट्ट्याचे भागीदार असतात. रस्ता बदलला तरी चालकाच्या अंगी मुरलेला वेग लगेच बदलत नाही. देहू परिसरातील वाहतुकीच्या प्रश्नाचे मूळ या विसंगतीत आहे.

ही चिंता निव्वळ तात्त्विक नाही. २७ नोव्हेंबर २०२१ रोजी सकाळी मावळातील साते गावानजीक, जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर, आळंदीकडे निघालेल्या दिंडीत एक मालवाहू पिकअप घुसला. त्यात जीवितहानी झाली आणि वीसहून अधिक वारकरी जखमी झाले. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सायंकाळी सांगोला तालुक्यातील जुनोनी येथे कोल्हापूर जिल्ह्यातून पंढरपुरास निघालेल्या दिंडीत मोटार शिरून सात वारकऱ्यांचा अंत झाला. या दुर्घटनांचे खापर केवळ दिव्यांवर वा केवळ बेशिस्तीवर फोडणे योग्य होणार नाही. तथापि रस्त्यावर आपल्याखेरीज इतरही कोणी आहे, ही जाणीव चालकाच्या ठायी किती क्षीण झाली आहे, याची साक्ष त्या निश्चितच देतात.

दिव्याची भाषा

वाहनाचा दिवा दुहेरी काम करतो. तो चालकाला रस्ता दाखवितो आणि इतरांना चालकाचा मनोदय सांगतो. पहिल्या कामाकडे सर्वांचे लक्ष असते. दुसऱ्याचा विसर पडतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ही भाषा स्पष्ट ठरवून दिली आहे. वाहनाच्या पुढे तांबडा दिवा नको आणि मागे तांबड्याखेरीज दुसरा नको, हा सर्वसाधारण दंडक होय. मागील तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. म्हणजे नियमाप्रमाणे जळणारा दिवा मागून येणाऱ्यास सुमारे सात सेकंदांची सवड देतो. उसाच्या ट्रॉलीला दिवाच नसेल, तर ही सात सेकंदे हिरावली जातात.

या दंडकाला जे मोजके अपवाद आहेत, त्यांत वाहन मागे घेताना लागणारा पांढरा दिवा हा एक आहे. तो अधिक प्रखर असावा, अशी वाहनधारकांची मागणी असते आणि ती अवास्तव नाही. अनेक मोटारींत या कामी जेमतेम २१ वॅटचा दिवा असे. शहरातील झगमगाटात तेवढ्यावर भागते. परंतु इंद्रायणीकाठच्या एखाद्या अंधाऱ्या बोळातून मोटार मागे घेताना मागे गटार आहे, दगड आहे की खेळणारे मूल आहे, हे कळत नाही. १ जुलै २०१९ नंतर तयार होणाऱ्या प्रवासी मोटारींना मागील अडथळ्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली, हे चांगले झाले. पण तिचा सूचक आवाज केवळ चालकासाठी असतो. वाटेतल्या माणसाला सावध करतो तो दिवाच. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत रात्री मागे सरकणाऱ्या अवजड वाहनांच्या बाबतीत तर पुरेसा उजेड ही चैन नसून गरज आहे.

मात्र प्रखरता आणि उपयुक्तता या दोन गोष्टी एक नव्हेत. मागचा पांढरा दिवा गिअरशी जोडलेला असतो, तो पडला की लागतो आणि निघाला की विझतो. त्याचा झोत जमिनीकडे असतो. यातच त्याचे सारे शहाणपण आहे. याउलट हौसेने मागे पांढऱ्या दिव्यांची पट्टी बसवून तिला वेगळे बटण देण्याचा आणि मागून जवळ येणाऱ्याला ‘धडा शिकविण्यासाठी’ ती चालू करण्याचा प्रकार घातक आहे. रात्रीच्या अंधारात तांबडा दिवा दिसला म्हणजे पुढचा आपल्याच दिशेने चालला आहे आणि पांढरा दिसला म्हणजे कोणीतरी आपल्या अंगावर येत आहे, असे मन क्षणात ठरवून मोकळे होते. त्या खुणेची अदलाबदल करणे म्हणजे मैलाच्या दगडावर खोटा आकडा रंगविणे होय. शिवाय दिपलेले डोळे निवळण्यास वेळ लागतो आणि वयोमानाप्रमाणे तो वाढत जातो. ताशी ८० च्या वेगात दोनच सेकंद दिसेनासे झाले, तरी वाहन ४४ मीटर आंधळेपणाने पुढे गेलेले असते.

उजवी मार्गिका कोणाची?

दिव्यांच्या बाबतीत जे दिसते, तेच मार्गिकांच्या बाबतीतही दिसते. द्रुतगती मार्गावर एका दिशेस तीन मार्गिका आहेत. अवजड वाहनांनी डावीकडे राहावे, हलक्यांनी मधून जावे आणि उजवीकडची पुढे काढण्यासाठी मोकळी असावी, ही साधी वाटणी होय. प्रत्यक्षात एक मालमोटार दुसरीला मागे टाकण्यासाठी उजवीकडे येते आणि दोघींच्या वेगात फारसे अंतर नसल्याने बराच काळ वाट अडवून धरते. दुसरीकडे, आपण वेगमर्यादेतच चाललो आहोत, मग बाजूस का व्हावे, अशा समजुतीने एखादा मोटारचालक उजवी मार्गिका सोडत नाही. तो वेगाचा कायदा पाळतो आणि वाटेचा मोडतो. मग मागचे वाहन अप्पर मारते, कर्णा वाजविते आणि अखेर डावीकडून घुसते. अपघाताची बीजे येथे पेरली जातात. ब्रिटनमध्ये विनाकारण मधली वा पुढे काढण्याची मार्गिका अडविणाऱ्यास २०१३ पासून पोलीस जागीच १०० पौंडांचा दंड करू शकतात. अडवणूक हा वेगाइतकाच गुन्हा आहे, हे तेथे मान्य झाले आहे.

आपल्याकडे पुढे काढण्याची रीत एके काळी मालमोटारींच्या पाठीवर रंगविलेली असे. ‘हॉर्न ओके प्लीज’ या शब्दांवर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये बंदी घातली, ती ध्वनिप्रदूषणाच्या दृष्टीने योग्यच होती. परंतु त्या शब्दांमागचा संकेत, म्हणजे मागच्याने विचारावे आणि पुढच्याने वाट द्यावी, हा त्याबरोबर पुसला जाऊ नये. त्याच पाठीवरील ‘रात्री डिपर वापरा’ ही विनंती तर आजही तितकीच निकडीची आहे. समोरून वाहन येत असता किंवा दुसऱ्याच्या निकट मागे असता झोत खाली करावा, हे २०१७ च्या वाहनचालन विनियमांतही सांगितलेले आहे. काही संकेत मात्र मुळातच संदिग्ध आहेत. पुढच्या मालमोटारीचा उजवा दर्शक लुकलुकू लागला, तर एक चालक त्याचा अर्थ ‘जा’ असा घेतो आणि दुसरा ‘मी उजवीकडे वळतो आहे’ असा. दोघांपैकी एकाची चूक प्राणावर बेतते. दर्शक हा केवळ स्वतःच्या वळण्याची खूण म्हणूनच वापरला गेला पाहिजे.

सर्व दोष चालकांच्या माथी मारणेही न्याय्य नव्हे. डावी मार्गिका खड्ड्यांनी उखडलेली किंवा उभ्या ट्रेलरांनी व्यापलेली असेल, तर अवजड वाहन उजवीकडे सरकणारच. कारखान्यांच्या फाटकाशी वाहनतळ नसेल, तर कंटेनर सार्वजनिक रस्त्यावरच मागे-पुढे होणारच. जुलै २०२४ मध्ये द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांची देखरेख सुरू झाली. वेगमर्यादा आणि मार्गिकेची शिस्त मोडणाऱ्यास आता घरी दंडाची सूचना येते. पण ही नजर किवळ्यापर्यंतचीच आहे. देहूकडील आडवाटांवर माणसाचा विवेक हाच कॅमेरा.

काय करता येईल, हे फारसे गूढ नाही. वाहनांची मानके तपासणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन पुण्यातच आहे आणि देशातील मोटारींचा मोठा वाटा याच पट्ट्यात तयार होतो. मागील दिवा पुरेसा, पण खाली झुकलेला कसा ठेवावा, याचा विचार कारखान्यातच झाला, तर बाजारातील पट्ट्यांचा मोह ओसरेल. चाकणच्या उद्योगांनी आपल्या आवारातच वाहने वळविण्याची सोय करावी आणि रात्री मागे येणाऱ्या वाहनाच्या मदतीस खाली माणूस उभा करावा. साखर कारखान्यांनी मागील दिवा आणि परावर्तक असल्याशिवाय ट्रॉलीस काट्यावर घेऊ नये. परवान्याच्या परीक्षेत वाहन मागे घेऊन दाखवावे लागते, पण ते कार्यालयीन वेळेत, लख्ख उजेडात. रात्रीच्या दिव्यांची रीत तेथे किमान तोंडी तरी पारखली जावी.

दरवर्षी आषाढीसाठी तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि दुसऱ्या दिवशी देहूरोड, निगडी करीत आकुर्डीच्या मुक्कामी जाते. त्या दिवशी सारी वाहतूक बाजूला होते आणि पायी चालणाऱ्याला वाट मिळते. पोलिसांचा बंदोबस्त असल्याने हे घडते, हे खरे. परंतु वर्षाच्या उरलेल्या दिवसांतही त्याच रस्त्याने एकटादुकटा वारकरी, रात्रपाळीचा कामगार आणि शाळेचे मूल जात असते. त्यांच्या मागून येणाऱ्या वाहनाचा झोत त्या वेळी खाली आला, मागे सरकणाऱ्या वाहनाने आपला पांढरा दिवा वेळीच दाखविला आणि वेळीच विझविला, घाईच्या माणसाला कोणी उजवी वाट मोकळी करून दिली, तर त्यासाठी ना नवा कायदा लागेल, ना फार मोठा खर्च. आपला दिवा दुसऱ्याच्या डोळ्यांत कसा दिसतो, एवढे ज्याला उमगले, त्याच्या हाती वाहन देण्यास हरकत नाही.