घरचा सर्व्हर : शेतीच्या नोंदी व फोटो जतन करण्याची व्यवस्था

द्राक्ष, डाळिंब, भाजीपाला किंवा दुग्धव्यवसाय करणाऱ्या बहुतेक शेतकऱ्यांची वही आता मोबाईलमध्ये गेली आहे. फवारणीच्या तारखा, औषधाच्या बाटलीवरील लेबलचे फोटो, माती-पाणी परीक्षणाचे अहवाल, आडत्याच्या पट्ट्या, खतांच्या पावत्या, गारपिटीनंतर काढलेले बागेचे फोटो, हे सर्व एकाच फोनमध्ये असते. घरातील लग्नाचे व मुलांचे फोटोही त्यातच असतात. फोन विहिरीत पडला किंवा चोरीला गेला म्हणजे कित्येक वर्षांची नोंद एका क्षणात नाहीशी होते. ही नोंद घरच्या घरी सुरक्षित कशी ठेवावी, त्यासाठी लागणारा सर्व्हर कसा उभारावा आणि तो अडल्यास काय तपासावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

काय जपावे?

सर्वच कागद सारख्या मोलाचे नसतात. सातबारा हरवला तरी चालतो. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला असून तो पुन्हा काढता येतो. परंतु आपल्या बागेत कोणत्या दिवशी कोणते औषध किती प्रमाणात फवारले, ही नोंद आपल्याशिवाय कोणाकडेच नसते. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडाने २००६ मध्ये ग्रेपनेट ही नोंदणी व अवशेष-तपासणीची पद्धत सुरू केली. पुढे २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे भारतीय द्राक्षांचा माल युरोपात नाकारला गेला. अशा वेळी तारखेनिशी असलेली फवारणीची नोंद हाच बागायतदाराचा पुरावा असतो. म्हणून प्रथम आपल्या माहितीचे दोन भाग करावेत : पुन्हा मिळू शकणारी आणि पुन्हा न मिळणारी. पुढे दिलेली सर्व काळजी दुसऱ्या भागासाठी आहे.

इंटरनेटवर फोटो ठेवण्याची सोय आहे, तथापि तिला मर्यादा आहेत. गुगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठवण बंद केली. तेव्हापासून नवे फोटोही खात्याच्या १५ जीबी मोफत जागेत मोजले जाऊ लागले.

सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर म्हणजे कोणी वेगळे यंत्र नव्हे. घरात सतत चालू राहणारा आणि घरातील सर्व फोन, संगणक व टीव्ही यांना आपल्या डिस्कवरील माहिती वायफायवरून पुरवणारा कोणताही संगणक म्हणजे सर्व्हर. घरातल्या घरात माहिती ठेवण्यास व काढण्यास त्याला इंटरनेट लागत नाही, फक्त राउटर चालू असावा लागतो.

जागेचा अंदाज

फोनवरील एक फोटो सरासरी ४ एमबी धरावा. दररोज २० फोटो काढल्यास वर्षाला सुमारे २९ जीबी जागा लागते. एका मिनिटाच्या चित्रफितीस १०० एमबी धरल्यास आठवड्याला १० मिनिटांप्रमाणे वर्षाला ५२ जीबी लागतात. म्हणजे वर्षाला सुमारे ८० जीबी. एका कुटुंबाला १ टीबीची डिस्क दहा वर्षांहून अधिक पुरते. मोठी एकच डिस्क घेण्यापेक्षा मध्यम क्षमतेच्या दोन घ्याव्यात.

यंत्राची निवड

१) जुना लॅपटॉप : नवशिक्यांसाठी सर्वांत सोयीचा. सुमारे २० वॅट धरल्यास महिन्याला १४ युनिट वीज लागते. त्याची स्वतःची बॅटरी भारनियमनात उपयोगी पडते. मात्र बॅटरी फुगलेली दिसल्यास ती लगेच काढून टाकावी. विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे अडगळीत गेलेले बरेच लॅपटॉप या कामास चांगले आहेत. प्रोसेसर ६४ बिटचा व रॅम ४ जीबी असल्यास पुरे.

२) जुना डेस्कटॉप : डिस्क बसवायला सोपा, पण ६० वॅट धरल्यास महिन्याला ४३ युनिट वीज खातो. यूपीएस आवश्यक.

३) रास्पबेरी पाय ४ किंवा ५ : तळहाताएवढा संगणक. डिस्कसह १० वॅट धरल्यास महिन्याला ७ युनिट. परंतु त्याचा मूळ अडॅप्टरच वापरावा. मोबाईलच्या चार्जरवर तो वरचेवर अडतो.

जागा व वीज

सर्व्हर खत-औषधांच्या खोलीत कधीही ठेवू नये. गंधकाच्या भुकटीने व औषधांच्या वाफांनी धातूचे जोड काळे पडून निकामी होतात. पत्र्याच्या शेडमध्येही उन्हाळ्यात ठेवू नये. डिस्कचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आत राहील अशी हवेशीर, कोरडी जागा निवडावी. मुंग्या, पाली व उंदीर यांपासून तारा जपाव्यात.

प्लगला अर्थिंग असल्याची खात्री इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी. घरच्या इन्व्हर्टरवर सर्व्हर जोडायचा असल्यास त्याचे बटण यूपीएस मोडवर ठेवावे. साध्या मोडमध्ये वीज बदलताना क्षणभर खंड पडतो व डेस्कटॉप बंद होतो. घरापासून गोठ्यापर्यंत किंवा पॅकहाउसपर्यंत उघड्यावरून तांब्याची नेटवर्क केबल ओढू नये, विजेचा लोळ त्यातून आत येतो. तेथे वायफाय किंवा फायबर वापरावे. वळवाच्या पावसात विजा चमकू लागताच सर्व्हर रीतसर बंद करून प्लग आणि नेटवर्क केबल दोन्ही काढावीत.

उभारणीच्या पायऱ्या

पुढील पायऱ्या जुन्या लॅपटॉप किंवा डेस्कटॉपसाठी आहेत.

१) जुन्या संगणकातील कामाची माहिती आधी दुसरीकडे काढून घ्यावी. नवी प्रणाली बसवताना डिस्क पूर्ण पुसली जाते.

२) ओपनमीडियाव्हॉल्ट ही लिनक्सवर आधारित मोफत प्रणाली दुसऱ्या संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हवर चढवावी व त्यावरून संगणक सुरू करून ती बसवावी. प्रणाली आतील डिस्कवर व आपली माहिती वेगळ्या डिस्कवर ठेवावी. बसवताना माहितीची डिस्क काढून ठेवावी, म्हणजे चुकून तीच पुसली जाणार नाही.

३) सर्व्हर राउटरला केबलने जोडावा. वायफायवर सर्व्हर चालवू नये.

४) राउटरच्या पानावर जाऊन सर्व्हरला एक कायमचा पत्ता राखून द्यावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. हा पत्ता वहीत लिहून ठेवावा.

५) दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकल्यास सर्व्हरचे पान उघडते. सुरुवातीचा पासवर्ड सर्वांनाच ठाऊक असतो, तो प्रथम बदलावा.

६) माहितीची डिस्क ईएक्सटी४ या रचनेत तयार करावी. अचानक वीज गेल्यास ही रचना एक्सफॅटपेक्षा चांगला तग धरते.

७) ‘नोंदी’, ‘फोटो’ व ‘चित्रफिती’ असे तीन फोल्डर करून घरातील प्रत्येकासाठी वेगळे नाव व पासवर्ड द्यावा. ‘नोंदी’मध्ये बदल करण्याचा अधिकार एक-दोघांनाच असावा.

८) फोन घरच्या वायफायवर येताच नवे फोटो सर्व्हरवर पाठवणारे अॅप बसवावे. टीव्हीवर चित्रफिती पाहण्यासाठी जेलीफिन हे मोफत सॉफ्टवेअर सर्व्हरवर चालवता येते. प्रशिक्षणाच्या, छाटणीच्या चित्रफिती घरच्यांनी एकत्र बसून पाहण्यास ही सोय चांगली आहे.

तीन प्रतींचा नियम

आपण सर्व बियाणे एकाच कणगीत ठेवत नाही. नोंदींचेही तसेच आहे. पुन्हा न मिळणाऱ्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. पहिली प्रत फोनमध्ये, दुसरी सर्व्हरवर आणि तिसरी सुट्या डिस्कवर. ही सुटी डिस्क दर महिन्याला सर्व्हरला जोडून प्रत घ्यावी व काढून दुसऱ्या गावातील नातेवाइकांकडे ठेवावी. घराला आग लागली, पूर आला तरी ती वाचते.

येथे दोन गैरसमज दूर करणे जरूर आहे. पहिला, दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी आरशाची पद्धत म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क बिघडल्यास ती उपयोगी पडते, परंतु चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते. दुसरा, फोन व सर्व्हर सतत जुळवून ठेवणे म्हणजेही बॅकअप नव्हे. फोनमधून फोटो काढला की तो सर्व्हरवरूनही जाऊ शकतो. त्यासाठी अॅपमध्ये ‘फक्त पाठवा, पुसू नका’ अशा अर्थाची सोय निवडावी.

उगवण चाचणी

पेरणीपूर्वी आपण १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात ते पाहतो. बॅकअपचीही अशीच चाचणी घ्यावी. दर तीन महिन्यांनी सुट्या डिस्कवरील मागच्या हंगामाच्या दहा फाइली निवडाव्यात, त्या दुसऱ्या संगणकावर उतरवाव्यात व उघडून पाहाव्यात. फोटो पूर्ण दिसतो का, फवारणीचा तक्ता उघडतो का, तारखा बरोबर आहेत का, हे तपासावे. फाइलचे नाव दिसते म्हणजे फाइल चांगली आहे असे समजू नये. जी प्रत परत उघडून पाहिलेली नाही, तिच्यावर विसंबू नये.

नेहमीचे दोष व उपाय

*वीज येऊन गेल्यावर सर्व्हर सापडत नाही.* राउटर पुन्हा सुरू होताना सर्व्हरचा पत्ता बदललेला असतो. चौथ्या पायरीप्रमाणे पत्ता राखून द्यावा.

*वीज आली तरी डेस्कटॉप आपोआप सुरू होत नाही.* बायोसमध्ये ‘वीज परत येताच चालू’ ही सोय सुरू करावी.

*लॅपटॉप झाकण मिटताच गप्प होतो.* झोपी जाण्याची सोय बंद करावी, ते जमेपर्यंत झाकण उघडे ठेवावे.

*तारीख दरवेळी जुनी दाखवतो.* मदरबोर्डवरील सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल संपला आहे. तो स्वस्तात मिळतो, बदलावा. तारीख चुकली की नोंदीचा पुरावा म्हणून उपयोग राहत नाही.

*१ टीबीची डिस्क ९३१ जीबीच दाखवते.* हा दोष नाही. कारखानदार हजाराच्या व संगणक १०२४ च्या पटीत मोजतो.

*बाहेरची डिस्क मध्येच गायब होते किंवा टिक-टिक आवाज येतो.* बहुधा वीज अपुरी पडते. मोठी डिस्क स्वतःच्या अडॅप्टरवर चालवावी व केबल बदलून पाहावी. तरीही आवाज येत राहिल्यास डिस्क शेवटच्या टप्प्यात आहे असे समजून सर्वप्रथम माहिती काढून घ्यावी, दुरुस्तीचे प्रयोग नंतर.

*बॅकअप चालतो, पण प्रणालीची डिस्क भरून जाते.* माहितीची डिस्क जोडली गेलेली नसते व फाइली तिच्या नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये जात असतात. बॅकअप थांबवावा, डिस्क जोडली आहे का ते सर्व्हरच्या पानावर पाहावे.

*फाइली फार सावकाश जातात.* वेग सेकंदाला ११ एमबीच्या आसपास अडकल्यास राउटर १०० एमबीपीएसचा आहे किंवा केबलची एखादी तार तुटलेली आहे. या वेगाने ५० जीबीला सव्वा तास लागतो. गिगाबिट राउटर व चांगल्या केबलवर तेच काम आठ मिनिटांत होते.

*टीव्हीवर चित्रफीत अडखळते.* टीव्हीला न समजणारी फीत सर्व्हर चालता चालता बदलत असतो व जुना प्रोसेसर थकतो. फिती एमपी४ प्रकारात, एच.२६४ पद्धतीने ठेवाव्यात.

दोन सावधगिऱ्या

शेतातून सर्व्हर पाहता यावा म्हणून राउटरची दारे इंटरनेटला उघडू नयेत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने विंडोज संगणकांतील फाइली कुलूपबंद केल्या, तर जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्टने इंटरनेटला थेट जोडलेल्या घरगुती साठवण यंत्रांवर हल्ला केला. बाहेरून वापर हवाच असल्यास व्हीपीएन वापरावे. नेहमी सुटी असलेली तिसरी डिस्क अशा व्हायरसपासूनही बचावते.

दुसरी सावधगिरी घरातलीच आहे. सर्व्हरचा पत्ता, पासवर्ड व सुटी डिस्क कोठे आहे, हे एका कागदावर लिहून सातबारा व खातेपुस्तकाबरोबर कपाटात ठेवावे आणि घरातील आणखी एका व्यक्तीस दाखवून ठेवावे. ही माहिती एकट्यालाच ठाऊक असली तर त्याच्या मागे सर्व जतन केलेले घरच्यांना उघडता येत नाही.

थोडक्यात, यंत्र साधे असले तरी चालेल, पण प्रती तीन असाव्यात, एक घराबाहेर असावी आणि दर तीन महिन्यांनी उगवण चाचणी व्हावी. बागायतदारांनी सुरुवात म्हणून येत्या छाटणीपूर्वी मागील हंगामाच्या फवारणीच्या नोंदी एका सुट्या डिस्कवर घ्याव्यात व उघडून पाहाव्यात. सर्व्हर त्यानंतर सवडीने उभारता येईल.