ज्येष्ठांचा छळ : कौटुंबिक प्रश्नाकडून सार्वजनिक आरोग्याकडे

बंगळुरूच्या पूर्व भागात, व्हाइटफील्डच्या वाटेवर महादेवपुरा वसलेले आहे. २००७ पर्यंत येथे स्वतंत्र नगरपालिका होती. त्या वर्षी आसपासच्या नगरपालिका आणि ११० खेडी एकत्र करून बृहत् बंगळुरू महानगरपालिका स्थापन झाली आणि महादेवपुरा महानगराचा भाग बनले. २०२५ मध्ये या महानगरपालिकेच्या जागी पाच महानगरपालिका आल्या, तेव्हा हा परिसर बंगळुरू पूर्व महानगरपालिकेत गेला. माहिती तंत्रज्ञान उद्योगामुळे गेल्या तीन दशकांत या भागाचे रूप पालटले आणि शेतजमिनींवर उंच निवासी संकुले उभी राहिली.

या बदलामुळे एकाच परिसरात दोन प्रकारचे ज्येष्ठ नागरिक राहू लागले. पहिले मूळचे रहिवासी. त्यांच्या नावावरील जमिनीला किंवा घराला अल्पावधीत मोठे मोल आले. दुसरे महाराष्ट्रासह देशाच्या अन्य भागांतून मुलांच्या नोकरीपाठोपाठ आलेले आई-वडील. कोणी नातवंडांच्या संगोपनासाठी आले, तर कोणी गावी एकट्याने राहणे अशक्य झाले म्हणून. पहिल्यांकडे मालमत्ता आहे, पण ती हातची जाण्याचे भय आहे. दुसऱ्यांकडे येथे ना मालमत्ता, ना ओळखीचे शेजारी, ना स्थानिक भाषा. बहुसंख्य कुटुंबांत वृद्धांची काळजी आपुलकीनेच घेतली जाते. तरीही मालमत्तेवरील ताण आणि परावलंबित्व ही ज्येष्ठांच्या छळामागील दोन प्रमुख कारणे मानली जातात, आणि महादेवपुऱ्यासारख्या वेगाने वाढणाऱ्या उपनगरात ती शेजारी-शेजारी नांदतात. म्हणून हा विषय समजून घेण्यास असा परिसर उपयुक्त ठरतो.

संकल्पना आणि प्रकार

वृद्धांना घरात होणारी मारहाण हा विषय १९७५ मध्ये ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकांतून प्रथम चर्चेत आला. २००२ च्या टोरांटो जाहीरनाम्यानंतर त्याला जागतिक स्तरावर मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारलेल्या व्याख्येचा आशय असा : ज्या नात्यात विश्वासाची अपेक्षा असते, त्या नात्यात एकदा किंवा वारंवार घडणारी आणि वृद्ध व्यक्तीला इजा वा क्लेश पोहोचवणारी कृती म्हणजे छळ होय, आवश्यक कृती न करणे हाही छळच. या व्याख्येत दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. अनोळखी चोराने केलेली लूट हा गुन्हा असला, तरी तो या व्याख्येत येत नाही. उलट वेळेवर औषध न देणे, ही हात न उगारता केलेली हेळसांड मात्र त्यात येते.

छळाचे सामान्यतः पाच प्रकार मानले जातात : शारीरिक, मानसिक वा शाब्दिक, आर्थिक, लैंगिक आणि हेळसांड. निवृत्तिवेतनाचे पैसे परस्पर काढून घेणे किंवा दबाव टाकून बक्षीसपत्र करून घेणे हा आर्थिक छळ होय. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २०११ मध्ये १५ जून हा या प्रश्नाविषयीचा जागतिक जागृती दिन म्हणून घोषित केला.

मोजमापातील अडचणी

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. त्यांपैकी किती जणांचा छळ होतो, या प्रश्नाची मात्र वेगवेगळी उत्तरे मिळतात. चेन्नईत ६५ वर्षांवरील ४०० व्यक्तींच्या पाहणीत हे प्रमाण १४ टक्के आढळले. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रासह सात राज्यांत २०११ मध्ये झालेल्या सर्वेक्षणात ते सुमारे ११ टक्के होते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने अन्य संस्थांसह २०१७-१८ मध्ये केलेल्या ‘लासी’ या राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, मागील वर्षभरात वाईट वागणूक मिळाल्याचे सुमारे ५ टक्के ज्येष्ठांनी सांगितले. २८ देशांतील ५२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात हे प्रमाण १५.७ टक्के, म्हणजे सहा व्यक्तींमागे जवळपास एक असे निघाले. त्यातही मानसिक छळ सर्वाधिक, ११.६ टक्के होता. आर्थिक छळ ६.८ टक्के, हेळसांड ४.२ टक्के आणि शारीरिक छळ २.६ टक्के आढळला.

या आकड्यांवरून भारतात छळ कमी होत चालला आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. प्रत्येक पाहणीतील वयोगट, प्रदेश आणि प्रश्नांची रचना वेगळी होती. ‘तुमचा छळ होतो का?’ या थेट प्रश्नाला बहुतेक जण नकार देतील. ‘घरात कोणी ओरडते का, पैसे न विचारता घेते का?’ अशा नेमक्या प्रश्नांना अधिक खरी उत्तरे मिळण्याचा संभव असतो. मुलाखतीच्या वेळी मुलगा किंवा सून खोलीत असेल, तर उत्तर बदलते. घराण्याची अब्रू, मुलाविषयीची माया आणि उद्या कोण सांभाळणार ही चिंता या तीन गोष्टी वृद्धांचे तोंड बंद करतात. छळाच्या २४ घटनांपैकी एकच नोंदवली जाते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

प्रश्न कोणाला विचारला यावरही उत्तर अवलंबून असते. वृद्धांसाठीच्या निवासी संस्थांमधील कर्मचाऱ्यांनाच विचारले असता, मागील वर्षात आपल्या हातून असे वर्तन घडल्याची कबुली तिघांपैकी जवळपास दोघांनी दिली, असे विविध देशांतील अभ्यासांच्या संकलनातून दिसून आले.

सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे. लासीशी संलग्न अभ्यासानुसार भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. इतरांवर पूर्णपणे विसंबून असल्यामुळे त्यांना छळाचा धोका अधिक असतो. परंतु आजार बळावलेल्या व्यक्ती सर्वेक्षणातील प्रश्नांना विश्वसनीय उत्तरे देऊ शकत नाहीत. परिणामी ज्यांना संरक्षणाची गरज सर्वाधिक, तेच आकडेवारीतून निसटतात.

आरोग्यावरील परिणाम

छळाचा परिणाम केवळ जखमांपुरता मर्यादित नसतो. अमेरिकेतील न्यू हेवन शहरात २,८१२ वृद्धांची १९८२ पासून दीर्घकाळ पाहणी करण्यात आली. या पाहणीवर आधारित निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. तेरा वर्षांच्या अखेरीस, छळ झाल्याचे निष्पन्न झालेल्यांपैकी अवघे ९ टक्के हयात होते. ज्यांच्याबाबत वृद्ध संरक्षण यंत्रणेकडे कोणतेही प्रकरण आले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण ४० टक्के होते. वय, जुने आजार, हालचालींची क्षमता, स्मरणशक्ती आणि नैराश्य हे घटक विचारात घेतल्यानंतरही छळ झालेल्यांमध्ये मृत्यूची संभाव्यता सुमारे तिप्पट आढळली.

यामागील कार्यकारणभाव समजण्यासारखा आहे. सततच्या मानसिक ताणाने झोप, रक्तदाब आणि भूक यांवर परिणाम होतो. आर्थिक छळामुळे औषधे आणि तपासण्या टाळल्या जातात. एकटेपणातून नैराश्य येते. लासीनुसार ६० वर्षांवरील ८.३ टक्के व्यक्तींमध्ये तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली, तर वैद्यकीय निदान झाल्याचे ०.८ टक्के व्यक्तींनीच सांगितले. म्हणजे दहापैकी सुमारे नऊ जणांचे दुःख दवाखान्यापर्यंत पोहोचलेलेच नव्हते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. एकाच वेळी केलेल्या पाहणीतून छळ आणि नैराश्य यांचा संबंध दिसतो, पण आधी काय घडले हे कळत नाही. छळामुळे प्रकृती खालावते, तशीच खालावलेल्या प्रकृतीमुळे परावलंबित्व वाढून छळाची शक्यताही वाढते. हा गुंता सोडवण्यासाठी त्याच व्यक्तींची वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा पाहणी करावी लागते. भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्राने अशा दोन दीर्घकालीन अभ्यासमालिका हाती घेतल्या : एक कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्याच्या ग्रामीण भागात आणि दुसरी बंगळुरू शहरात. त्यांचा मुख्य विषय वार्धक्य आणि मेंदूचे आरोग्य हा आहे. छळाविषयीचे प्रश्नही याच पद्धतीच्या अभ्यासांत नियमितपणे समाविष्ट झाले, तर भारतीय परिस्थितीतील कार्यकारणभाव अधिक स्पष्ट होऊ शकेल.

कायद्याची चौकट

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ हा या विषयातील प्रमुख कायदा आहे. त्यानुसार उपविभागीय अधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे चरितार्थासाठी अर्ज करता येतो. कर्नाटकात हे काम सहायक आयुक्त पाहतात. मासिक रकमेची कमाल मर्यादा राज्य सरकार ठरवते. ती १०,००० रुपयांहून अधिक असू शकत नाही. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असून, अपवादात्मक परिस्थितीत ३० दिवसांची वाढ मिळते. वृद्ध व्यक्ती असमर्थ असल्यास तिने अधिकृत केलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. ज्येष्ठ नागरिकाचा परित्याग केल्यास कलम २४ अन्वये तीन महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

स्थलांतरित कुटुंबांसाठी कलम ६ विशेष महत्त्वाचे आहे. वृद्ध व्यक्ती जेथे राहते, पूर्वी जेथे राहत होती किंवा जेथे मुले राहतात, अशा कोणत्याही जिल्ह्यात अर्ज करता येतो. साताऱ्याहून महादेवपुऱ्यात आलेली आई परत गावी गेली, तरी बंगळुरूतील मुलाविरुद्ध साताऱ्यात दाद मागू शकते.

मूळ रहिवाशांच्या दृष्टीने कलम २३ महत्त्वाचे ठरते. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट पाळली गेली नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येते. अशी अट असल्याचे सिद्ध होणे आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका प्रकरणात, हा कल्याणकारी कायदा असल्याने त्याचा अर्थ उदारपणे लावावा, असे न्यायालयाने म्हटले. या अधिकारालाही मर्यादा आहे. बंगळुरू शहरी जिल्ह्यातील एका प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याने सुनेला मिळालेला निवासाचा हक्क ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आधार घेऊन डावलता येणार नाही. दोन दुर्बल घटकांच्या हक्कांचा समतोल न्यायाधिकरणाने साधावा, हे या निर्णयाचे सार होय.

पुढील दिशा

कायदा तक्रार आल्यानंतर कामाला लागतो, आणि बहुतेक वृद्ध तक्रारच करत नाहीत. न्यायालयाची पायरी न चढणारी वृद्ध व्यक्ती रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी मात्र दवाखान्यात येते. म्हणूनच हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याच्या कक्षेत आणणे आवश्यक ठरते. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमाने प्राथमिक स्तरापर्यंत ज्येष्ठांसाठी स्वतंत्र सेवेची कल्पना मांडली. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षांवरील सर्वांचा, उत्पन्नाची अट न ठेवता, समावेश करण्यात आला. या भेटींमध्ये रुग्णाशी काही मिनिटे एकांतात बोलणे, तेही त्याच्या भाषेत, ही साधी पद्धत रुजायला हवी. कारण न सांगता येणाऱ्या जखमा, सुटलेली औषधे, अचानक घटलेले वजन आणि अंथरुणाला खिळल्याने झालेले व्रण यांकडे छळाची संभाव्य चिन्हे म्हणून पाहण्याचे प्रशिक्षण डॉक्टर, परिचारिका आणि आशा कार्यकर्त्यांना मिळाले पाहिजे.

साहाय्याची साधनेही उपलब्ध आहेत. बंगळुरूत शहर पोलीस आणि नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्ट यांनी २००२ मध्ये १०९० ही ज्येष्ठांसाठीची साहाय्यवाणी संयुक्तपणे सुरू केली. राष्ट्रीय स्तरावर २०२१ मध्ये १४५६७ ही एल्डरलाइन सेवा आली. सेवा पुरवणाऱ्या कुटुंबीयांचा थकवा हाही छळामागील एक घटक असल्याने, दिवसा वृद्धांचा सांभाळ करणारी केंद्रे आणि घरपोच परिचर्या यांचा विस्तार हा प्रतिबंधाचाच भाग आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ ते २०३० हे निरोगी वार्धक्याचे दशक म्हणून घोषित केले आहे. या दशकाचे यश केवळ वाढलेल्या आयुर्मानावरून ठरणार नाही. महादेवपुऱ्यातील एखाद्या चौदाव्या मजल्यावर दिवसभर एकट्या असलेल्या आजीला, घरातील कोणाच्याही परवानगीवाचून, आपल्या भाषेत आपली व्यथा सांगता येईल असे एक तरी ठिकाण उपलब्ध आहे काय, ही त्या यशाची खरी कसोटी होय.