जलसा संपल्यावर

महाराष्ट्रात लोककला समाजकार्याशी जोडण्याची परंपरा स्वयंसेवी संस्था आणि त्यांचे ‘प्रकल्प’ यांच्या कितीतरी आधीची आहे. महात्मा फुले यांनी 1873 मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे विचार निरक्षर शेतकऱ्यांपर्यंत नेण्यासाठी पुढच्या कार्यकर्त्यांनी तमाशाचाच आकृतिबंध हाती घेऊन ‘जलसे’ उभे केले. गण म्हणजे आरंभीचे स्तवन, गौळण म्हणजे कृष्ण आणि गवळणींचा संवाद व वग म्हणजे कथानाट्य, हा क्रम प्रेक्षकांच्या अंगवळणी पडलेला होता. तो न मोडता सत्यशोधक जलशांनी गणात निर्मिकाला, म्हणजे सृष्टिकर्त्याला, वंदन केले, शृंगार गाळला आणि सावकाराचा कागद, भटजीची दक्षिणा, मुलांचे शिक्षण हे विषय वगात आणले. न वाचता कागदावर अंगठा उठवावा लागणाऱ्या माणसाला हे नाट्य परके वाटण्याचे कारण नव्हते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पुरोहिताविना लग्न लावण्याचा विचार जलशात मांडला जात असताना तसे लग्न प्रत्यक्ष लावून देणारी संघटनाही समाजाच्या रूपाने उभी होती. पुढील काळातील प्रयत्न जोखताना, कलेमागे असे प्रत्यक्ष काम उभे आहे का, हीच कसोटी सर्वांत उपयोगी पडते.

गाडगेबाबा खराट्याने गाव झाडून काढत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. श्रोत्यांना साध्या बोलीत प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून कर्ज, दारू आणि पशुबळी यांविषयीची उत्तरे काढून घेण्याची त्यांची रीत होती. परंतु सकाळच्या झाडलोटीमुळेच त्या प्रश्नांना अधिकार लाभत असे. आंबेडकरी जलसे आणि अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांचे 1944 मधील लाल बावटा कलापथक यांच्याही पाठीशी चळवळ होती, आणि गाणारे शाहीर श्रोत्यांच्याच वस्तीतले होते.

स्त्रियांच्या प्रश्नांबाबत हा धागा सर्वांत ठळकपणे दिसतो तो ज्योती म्हापसेकर लिखित ‘मुलगी झाली हो’ या 1983 च्या नाटकात. 1975 मध्ये स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते नेपथ्याचा बडेजाव न करता वस्त्यांमध्ये आणि गावोगावी सादर केले. मुलीच्या जन्माने पडलेले चेहरे, भावाला आणि बहिणीला मिळणारी वेगळी वागणूक, हुंडा आणि सासरचा छळ हा क्रम गाण्यांतून पुढे सरकतो, आणि घरात रोज घडत असूनही कोणी न बोललेली गोष्ट चारचौघांत उच्चारली जाते. असे नाटक पाहून एखादी स्त्री बोलती झाली, तर तिने पुढे जायचे कोठे, हा प्रश्न संघटनेने टाळला नाही. कुटुंब सल्ला केंद्रे, म्हणजे छळ सोसणाऱ्या स्त्रीला समुपदेशन आणि कायदेशीर मार्गदर्शन देणारी ठिकाणे, संघटनेने चालवली. या नाटकाचे मोठेपण प्रयोगांच्या संख्येइतकेच या जोडकामात आहे.

याउलट, अनुदानावर चालणाऱ्या कित्येक पथनाट्यांत संहिता वरून येते, पथक बाहेरगावचे असते आणि प्रयोग झाल्याचा फोटो अहवालाला जोडला की काम संपते. व्यसनमुक्तीचे पथनाट्य पाहून बापाची दारू सोडवू पाहणाऱ्या मुलाला दुसऱ्या दिवशी विचारायला कोणीच सापडत नसेल, तर दोष त्या कलावंतांचा नव्हे, योजनेचा आहे. अल्प मानधनावर उन्हातान्हात डफ वाजवणाऱ्या या कलावंतांकडे तुच्छतेने पाहणे अन्यायाचे ठरेल.

ठाण्यात 2014 पासून रत्नाकर मतकरी यांच्या संकल्पनेतून आणि समता विचार प्रसारक संस्थेच्या सहभागाने आकाराला आलेल्या ‘वंचितांचा रंगमंच’ या उपक्रमाने संहितेचा प्रश्न मुळातूनच सोडवला. तेथे वस्त्यांतील मुले आपल्या अनुभवांवर स्वतःच नाटिका रचतात आणि बसवतात. अनुभवी रंगकर्मी मार्गदर्शन करतात, पण विषय ठरवत नाहीत. मुलांच्या शिक्षणासाठी ही संस्था त्याच वस्त्यांत काम करत असल्याने नाटिकेत मांडलेली अडचण तालमीपुरती उरत नाही. मतकरी यांचे 2020 मध्ये निधन झाले. त्यानंतरही संस्थेने हा उपक्रम चालू ठेवला आहे.