बस हललीच नव्हती

कोल्हापुरात कुणी ‘मी फाइव्ह स्टारला आहे’ म्हणाला, तर तो हॉटेलात नसतो. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला असतो. शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसगाड्या ओळीनं उभ्या. खिडकीशी बसावं, जरा डोळा लागतोय, तेवढ्यात शेजारची बस पुढं सरकते आणि पोटात गोळा येतो: आपली गाडी मागं चालली! पाय आपोआप खालचा पत्रा दाबतो, जसा काही तिथं ब्रेकच आहे. बुडाखालची सीट तसूभर हललेली नसते. पाठीला धक्का नाही, मानेला हिसका नाही. तरी आपण डोळ्याचंच खरं मानतो.

आकडे पाहिले तर ही कुस्ती जोडीची नाहीच. एका डोळ्याकडून मेंदूकडं जाणारे मज्जातंतू सुमारे 10 लाख. एका कानाच्या आत जी तोल सांभाळणारी यंत्रणा आहे, तिचे जेमतेम 20 हजार. पन्नासास एक! शिवाय त्या यंत्रणेला वेग बदलला तरच कळतं. पृथ्वी कागलसकट आपल्याला ताशी सुमारे 1600 किलोमीटर वेगानं फिरवतेय. पण वेग एकसारखा, म्हणून कपातला चहासुद्धा हिंदकळत नाही. बस खरंच अलगद मागं सरकली असती, तरी कान असाच गप्प बसला असता. मग त्याच्या गप्प बसण्याला पुरावा कोण मानणार?

त्यात शरीराची बातमी आधी पोचते. मनगटातून निघालेला संदेश सुमारे 20 मिलिसेकंदांत मेंदूत हजर. डोळ्याच्या बातमीचा ठळक ठसा उमटायला 100च्या आसपास लागतात. निकाल मात्र मागून आलेल्याच्या बाजूनं.

बरं, स्नायूही फसतात. 1972 मध्ये गुडविन, मॅक्लॉस्की आणि मॅथ्यूज यांनी बेटकुळीच्या कोपराजवळच्या कंडरेवर सेकंदाला 100 वेळा थरथरणारं यंत्र लावलं. स्नायूतल्या संवेदकांना वाटलं, स्नायू ताणला जातोय. म्हणजे कोपर सरळ होतंय. डोळे झाकलेल्या माणसाचा हाताच्या जागेचा अंदाज 40 अंशांपर्यंत चुकला. हाताकडं नीट पाहिलं, की असा भास ओसरतो.

थरथर आमच्या फाउंड्रीवाल्यांना नवी नाही. फेटलिंगचा, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायचा, चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11 हजारांच्या घरात फिरतो, म्हणजे सेकंदाला 183 फेरे. तो खाली ठेवला तरी पंज्यात मुंग्या असतात. पण चालवणाऱ्याची नजर कास्टिंगवरून हलत नाही.